धूर दिसला म्हणून इंजिन बदलायचं का?



मागच्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातलं अनुमान पाहिलं. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथं आग असली पाहिजे, या जुन्या उदाहरणावर आपण तासभर बोललो. व्याख्यान संपल्यावर टुरिस्ट गाडी चालवणारे एक श्रोते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, डोंगराचं राहू द्या. माझ्या गाडीतून धूर येतोय. मिस्त्री म्हणतो, इंजिन गेलं, दुसरं बांधलेलं टाकू. हे अनुमान बरोबर आहे का, तेवढं सांगा." (हशा)

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याचं घर त्या गाडीवर चालतं त्याच्यासाठी इंजिन बदलणं म्हणजे वर्षभराची बचत, किंवा डोक्यावर नवं कर्ज. आणि हा निर्णय त्याला अशा वस्तूबद्दल घ्यायचा असतो, जिच्या आत त्याला डोकावता येत नाही. जुन्या इंजिनच्या आत काय झालंय ते दिसत नाही, आणि जे नवं म्हणून बसवलं जाणार त्याच्या आत काय आहे तेही दिसत नाही. म्हणून आजचा विषय हाच. मी मेकॅनिक नाही. पण न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल आपण खात्रीनं कसं बोलू शकतो, या प्रश्नात माझी चाळीस वर्षं गेली. तेव्हा कामाची माहिती आणि विचाराची शिस्त, दोन्ही मिळून आज बघू.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. इंजिन बदलण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं हवीत. काय बिघडलं? का बिघडलं? आणि येणाऱ्या इंजिनबद्दल जे सांगितलं जातंय ते मोजून सांगितलंय का? यातल्या एकाचंही उत्तर नसेल, तर पैसे खिशातच राहू द्या.

काय बिघडलं?

इंजिनमध्ये होतं काय, हे अगदी थोडक्यात. सिलिंडर म्हणजे एक गुळगुळीत नळी. तिच्यात पिस्टन वर-खाली होतो. पिस्टनला रिंगा असतात. वरच्या रिंगा वायूचा दाब खाली निसटू देत नाहीत, आणि खालची रिंग भिंतीवरचं तेल खरवडून परत खाली पाठवते. वर हेड असतं, त्यात हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह. खाली क्रँकशाफ्ट, जो बेअरिंगवर तेलाच्या अतिशय पातळ थरावर तरंगत फिरतो. हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये गॅस्केट. झालं. इंजिन जुनं होतं ते मुख्यतः दोन जागी: वर दाब निसटायला लागतो, किंवा खाली तेलाचा दाब पडायला लागतो. या दोन्ही गोष्टी मोजता येतात, हे ध्यानात ठेवा.

आता धुराकडे येऊ. धुराचा रंग बघून मिस्त्री निदान करतो, आणि ते योग्यच आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. पांढरा, दाट, न थांबणारा धूर म्हणजे कूलंटचं पाणी सिलिंडरमध्ये शिरतंय. हे अनुमान झालं. पण नैयायिकांनी आपल्याला एक इशारा देऊन ठेवलाय. दुरून दिसणारी वाफ किंवा धुकं धूर समजून कुणी आगीचं अनुमान केलं, तर ते फसतं. डिसेंबरच्या सकाळी आपल्या पापडीच्या तलावाकाठी उभी केलेली कुठलीही चांगली गाडी सुरू करा. सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते, आणि इंजिन तापलं की थांबते. ती नुसती वाफ आहे, तिच्यावर गॅस्केटचा खर्च काढायचा नसतो.

दुसरा इशारा त्याहून महत्त्वाचा. धुरावरून आगीकडे जाता येतं, पण आगीवरून धुराकडे जाता येत नाही. कारण लाकूड ओलं असेल तरच धूर होतो. ही जी मधली अट, तिला न्यायात 'उपाधी' म्हणतात. आता बघा. रिंगा झिजल्या की निळा धूर येतो, हे खरं. पण निळा धूर आला म्हणजे रिंगाच झिजल्या, हे खरं नाही. व्हॉल्व्हच्या दांड्यांवर रबराची छोटी सील असतात. ती कडक झाली की रात्रभर तेल झिरपतं आणि सकाळी सुरू करताना निळा लोट येतो, मग कमी होतो. बहुतेक गाड्यांत इंजिन खाली न उतरवता ती सील बदलता येतात. टर्बो असलेल्या डिझेल गाडीत टर्बोचं सील गेलं तरी निळाच धूर येतो, आणि तिथं इंजिनचा काही दोष नसतो. काळा धूर तर पुष्कळदा चोंदलेल्या एअर फिल्टरचा किंवा खराब इंजेक्टरचा असतो. म्हणजे एकाच धुरामागे काहीशे रुपयांपासून लाखभरापर्यंतची कारणं उभी असतात. नुसत्या रंगावर थांबलो, तर सगळ्यात महागडं कारण आपल्या माथी बसण्याची शक्यता जास्त.

गॅरेजमध्ये एक प्रात्यक्षिक नेहमी करून दाखवतात. चालू इंजिनचं ऑइल भरायचं झाकण उघडतात, आतून भकभक धूर येतो, आणि म्हणतात, "बघा, दाब खाली मारतोय, इंजिन गेलं." डोळ्यांनी पाहिलं की माणूस घाबरतो. पण थोडा वायू रिंगांतून निसटून खाली येणं हे प्रत्येक इंजिनमध्ये होतं, डिझेलमध्ये जास्तच. प्रश्न किती येतो हा आहे, आणि 'किती' हे डोळ्यांना कळत नाही.

म्हणून मोजा. पहिली चाचणी कॉम्प्रेशनची. इंजिन गरम असताना सगळे प्लग काढायचे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवायचा, आणि प्लगच्या जागी गेज लावून स्टार्टरनं इंजिन फिरवायचं. प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर लिहून घ्यायचा. चांगल्या पेट्रोल इंजिनात तो साधारण १० ते १४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतो. डिझेलमध्ये त्याच्या दुपटीहून जास्त. आपल्या गाडीचा नेमका आकडा कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. आकडा किती आहे यासोबत सगळ्या सिलिंडरांचे आकडे एकमेकांजवळ आहेत का, हेही बघायचं.

एखाद्या सिलिंडरचा आकडा कमी आला, तर एक सोपी युक्ती आहे. पेट्रोल इंजिनात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडायचं आणि पुन्हा मोजायचं. आकडा चढला, तर दाब रिंगांतून निसटत होता. तेलानं ती फट तात्पुरती बुजली. आकडा तसाच राहिला, तर दोष व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. तो दोष वर, हेडमध्ये आहे, आणि त्यासाठी सगळं इंजिन बदलायची गरज नाही. ही अनुमानाची खरी शिस्त. दोन कारणं समोर असतील तर अशी कृती करायची, जिचा परिणाम दोघांसाठी वेगळा येईल.

दुसरी चाचणी ऑइल प्रेशरची. डॅशबोर्डवरचा दिवा पेटला म्हणून भागत नाही. कधी त्याचा स्विचच खराब असतो. त्याच्या जागी गेज लावून गरम इंजिनचा दाब मोजायचा. तिसरी, कूलंटची. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतायत का, ऑइल दुधाळ झालंय का. तिन्ही मिळून तास-दोन तासांचं काम. ज्या गॅरेजवाल्यानं हे आकडे लिहून दिले त्याच्याशी पुढचं बोला. जो म्हणतो, "साहेब, माझा कान सांगतो," त्याच्या कानाबद्दल आदर ठेवून दुसरीकडे जा.

का बिघडलं?

समजा चाचण्यांनी सिद्ध झालं की इंजिन खरंच गेलंय. लोक इथूनच थेट नव्या इंजिनच्या चौकशीला लागतात. पण इंजिन मरतं ते सहसा दुसऱ्या कुणामुळे. ते कारण गाडीतच राहिलं, तर येणारं इंजिनही त्याच वाटेनं जाईल.

आपल्या वसईचीच उदाहरणं घेऊ. एक, पाणी. खाडी आणि समुद्र दोन्ही जवळ, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी विहिरीचं, बोअरचं पाणी मचूळ. बावखलांचं गोडं पाणी ही आपल्याकडची जुनी मिरास, ती या मचूळपणामुळेच मोलाची. आता हे क्षारयुक्त पाणी कुणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतत असेल, तर आत गंज आणि क्षारांचे थर साठतात. ॲल्युमिनियमचं हेड आतून खाल्लं जातं, रेडिएटरच्या बारीक नळ्या चोंदतात. मग वसई फाट्याच्या कोंडीत किंवा घोडबंदरच्या चढावर गाडी तापते, हेड वाकतं, गॅस्केट जातं. नवं इंजिन बसवलं आणि रेडिएटर जुनाच ठेवला, तर काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको. कूलंट तयार मिळतं ते वापरा, किंवा कंपनीनं सांगितलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळा.

दोन, पूर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबई परिसरात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. जुलै २०१८ मध्ये तर आपलं वसई-विरारच पाण्यात होतं. रेल्वे थांबली, मिठागराच्या वस्तीतले लोक अडकले. अशा वेळी इंजिन बिघडतं ते भिजण्यानं नाही. भिजलेलं इंजिन सुरू करण्यानं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. हवेच्या वाटेनं सिलिंडरमध्ये पाणी गेलं आणि पिस्टन वर आला, की कुठंतरी काहीतरी वाकायलाच हवं. वाकतो तो कनेक्टिंग रॉड. कधी तो थोडाच वाकतो, गाडी चालूही होते, एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन तेवढं कमी दाखवते, आणि काही महिन्यांनी रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. म्हणून पाण्यात बंद पडलेल्या गाडीला चावी लावायची नाही. टो करून न्यायची, प्लग काढून पाणी बाहेर काढायचं, ऑइल बदलायचं. आणखी एक गोष्ट. साध्या सर्वसमावेशक विम्यात अशा प्रकारे पाणी जाऊन झालेलं इंजिनचं नुकसान सहसा धरत नाहीत. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' नावाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. पावसाळ्याआधी आपली पॉलिसी एकदा वाचा.

तीन, ऑइल. वेळेवर न बदललेलं ऑइल घट्ट होऊन गाळ बनतो, आणि तो गाळ तेलाच्या वाटा बुजवतो. टायमिंग बेल्ट वेळेत न बदलल्यानं तुटला, तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. ही सगळी कारणं शोधता येतात, फक्त जुनं इंजिन उघडून बघायला हवं. म्हणून माझा आग्रह असा की जुनं इंजिन परत देण्याआधी ते आपल्यासमोर उघडायला सांगा. मेलं कशानं ते तेच सांगेल.

पर्याय कोणते?

आता बाजारात 'दुसरं इंजिन' या एका शब्दात चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली, काढलेलं इंजिन. अपघातात गेलेल्या किंवा भंगारात निघालेल्या गाडीतून जसंच्या तसं उतरवलेलं. कुर्ल्याचा बाजार किंवा दिल्लीचं मायापुरी यासाठी प्रसिद्ध आहे. ते स्वस्त असतं, पण त्याचा इतिहास कुणाला माहीत नसतो. दुसरी, तुमचंच इंजिन उतरवून बांधणं. तिसरी, दुसऱ्या कुणाचं तरी इंजिन आधीच बांधून तयार ठेवलेलं. ते घ्यायचं आणि आपलं जुनं द्यायचं. चौथी, कंपनीकडून नवा ब्लॉक किंवा नवं इंजिन. ते सगळ्यात महाग.

'बांधलेलं' या शब्दाकडे नीट बघा. काही ठिकाणी बांधणं म्हणजे बाहेरून धुऊन, रंग मारून, गॅस्केट बदलून देणं. खरं बांधणं म्हणजे पूर्ण सुटं करणं, धुणं, आणि प्रत्येक भाग मोजणं. सिलिंडर वर किती झिजला, खाली किती, गोल राहिला की अंडाकृती झाला. झिजला असेल तर बोअरिंग करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठा करायचा आणि त्याच मापाचे ओव्हरसाइझ पिस्टन-रिंगा घालायच्या, किंवा नवा लाइनर बसवायचा. क्रँकशाफ्ट मोजायचा, गरज असेल तर ग्राइंडिंग करून त्याच मापाचे अंडरसाइझ बेअरिंग. हेड सपाट आहे का बघायचं, त्याला चीर आहे का ते दाबाखाली तपासायचं, व्हॉल्व्ह आणि सीट घासून बसवायच्या. शेवटी बोल्ट टॉर्क रेंचनं ठरलेल्या मापानं आवळायचे. यातल्या प्रत्येक पायरीला एक आकडा आहे. आकडा आहे म्हणजे कागद असू शकतो. तो कागद मागायचा.

बांधलेलं इंजिन म्हणजे दुय्यम माल, असा एक समज आहे. तो सरसकट खरा नाही. फ्रान्समध्ये रेनॉ कंपनीनं पॅरिसजवळच्या शोआझी-ल-र्वा इथं १९४९ पासून जुनी इंजिनं कारखान्यात पुन्हा बांधायला सुरुवात केली. आपल्याकडे तुम्ही-आम्ही ज्या लाल एसटीनं वाढलो, तिचंही तसंच. एसटीसारख्या महामंडळांच्या कार्यशाळांत बांधलेली इंजिनं तयार ठेवलेली असतात; गाडीचं इंजिन गेलं की ते उतरवून तयार इंजिन चढवतात, गाडी रस्त्यावर जाते, आणि उतरवलेलं इंजिन सावकाश बांधायला घेतात. आणि मुंबईची पद्मिनी टॅक्सी आठवा, आपल्या कुर्ल्यातच बनलेली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि २० वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. तिला थांबवलं ते वयाच्या नियमानं.

गाडी तीच की वेगळी?

इथं तत्त्वज्ञानाचा एक जुना प्रश्न आडवा येतो. जहाजाची एकेक फळी बदलत गेलो आणि शेवटी सगळ्याच बदलल्या, तर जहाज तेच का? प्लुटार्कनं थीसियसच्या जहाजाबद्दल हे लिहून ठेवलंय. आपल्याकडे मिलिंद राजाला नागसेन विचारतात की रथ म्हणजे नेमकं काय, चाक की आस की जू? बौद्ध म्हणतात, रथ हे भागांच्या जुळणीला दिलेलं नाव. नैयायिक म्हणतात, अवयवी हा अवयवांहून वेगळा खराखुरा असतो. दोन हजार वर्षं वाद चालू आहे. आरटीओनं मात्र तो मिटवलाय. (हशा) गाडीची ओळख म्हणजे चॅसिस नंबर, आणि इंजिनची ओळख म्हणजे ब्लॉकवर कोरलेला नंबर.

याचा व्यवहारात अर्थ असा. तुमच्याच ब्लॉकमध्ये बोअरिंग झालं, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह सगळं नवं आलं, तरी कायद्याच्या दृष्टीनं इंजिन तेच. आरसीत काही बदल नाही. पण ब्लॉक बदलला की नंबर बदलला, आणि आरसी आणि गाडी यांचं जुळेनासं झालं. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे असा बदल नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीनं करायचा आणि १४ दिवसांच्या आत कळवून आरसीत नोंद करून घ्यायची. दहा किंवा जास्त वाहतूक वाहनं असणाऱ्यांना त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन बदलायला राज्य सरकार अधिसूचनेनं सूट देऊ शकतं. एका-दोन गाड्यांच्या मालकाला ती नाही. आपली गाडी एमएच ४८ असेल तर आपलं वसईचं कार्यालय. गाडीवर कर्ज असेल तर वित्तसंस्थेची लेखी संमती आधी घ्या. विमा पॉलिसीवरही इंजिन नंबर असतो, तो बदलून घ्या.

हे सगळं कागदी काम वाटतं. पण उद्या अपघात झाला आणि विम्याच्या सर्व्हेअरला पॉलिसीवर एक नंबर आणि ब्लॉकवर दुसरा दिसला, तर दावा अडकू शकतो. त्याहून गंभीर म्हणजे, घेतलेलं इंजिन चोरीच्या गाडीतलं निघालं तर ते तुमच्या गाडीत सापडलेलं असतं. म्हणून काढलेलं किंवा बांधलेलं इंजिन घेताना पक्कं बिल, त्यावर इंजिन नंबर, आणि ते ज्या गाडीतून निघालं तिचे कागद, हे तिन्ही हवं. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर तिथूनच परत फिरा. आणि इंजिन त्याच प्रकारचं, त्याच प्रदूषण मानकाचं घ्या. बीएस-४ १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झालं, बीएस-६ १ एप्रिल २०२० पासून. दिसायला सारख्या इंजिनांचे सेन्सर आणि संगणक वेगळे असतात.

कुणाच्या शब्दावर?

इतकं करूनही शेवटी कुणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवावाच लागतो. न्यायात शब्द हे प्रमाण मानलंय, पण कुणाचाही शब्द नाही, आप्ताचा. आप्त म्हणजे नात्यातला माणूस नव्हे. ज्याला त्या गोष्टीचं प्रत्यक्ष ज्ञान आहे आणि जे आहे ते तसंच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. दोन्ही अटी हव्यात. एखादा मिस्त्री सज्जन असेल, पण त्यानं ते इंजिन स्वतः उघडलं नसेल, दुसऱ्याकडून आणून तुम्हाला देत असेल, तर पहिली अट तुटली. एखाद्यानं स्वतः बांधलं असेल, पण मापं विचारली की चिडत असेल, तर दुसरी अट शंकास्पद.

म्हणून विचारा. बोअरिंग कुठल्या लेथवर झालं? मापं लिहिलेली आहेत का? कुठले भाग नवे, कुठल्या कंपनीचे? वॉरंटी किती किलोमीटरची, किती महिन्यांची, आणि त्यात उतरवण्या-चढवण्याची मजुरी धरली आहे का? ही शेवटची गोष्ट लोक विसरतात. इंजिन फुकट बदलून मिळतं आणि मजुरीचे हजारो रुपये आपण भरतो. आणि इंजिन खाली उतरलेलंच आहे तर क्लच, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, टायमिंग बेल्ट, इंजिनचे माउंटिंग तेव्हाच बघून घ्या. नंतर त्याच मजुरीचे पैसे पुन्हा पडतात.

खर्च परवडतो का, याचा हिशोबही लोक चुकीच्या दिशेनं करतात. उदाहरणासाठी आकडे धरू. गाडी चालू स्थितीत २ लाखांची. इंजिन गेलेल्या स्थितीत ७० हजारांना जाईल. बांधलेलं इंजिन सगळं मिळून ८० हजार. कुणी म्हणेल, ७० हजारांच्या गाडीवर ८० हजार कशाला? पण तुलना तिथं नाही. गाडी विकून तशीच दुसरी जुनी गाडी घ्यायची तर वर १ लाख ३० हजार लागतील, आणि तिच्या इंजिनबद्दलही तुम्हाला काही माहीत नसेल. या हिशोबात बांधणं बरं. मात्र एक अट. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत गाडीचा तळ गंजतो. गाडी उचलून खालून बघा. तळ, सस्पेन्शनची जोडणी गंजलेली असेल, किंवा परमिटची वयोमर्यादा जवळ आली असेल, तर चांगलं इंजिन वाईट घरात देऊ नका. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी, पुढे ५-५ वर्षांसाठी नूतनीकरण करावी लागते, तेही हिशोबात धरा.

इंजिन बसल्यावर पहिले हजार किलोमीटर सांभाळायचे. नव्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी जुळत असतात. भरधाव नको, भरलेली गाडी चढावर रेटणं नको, आणि एकाच वेगानं तासन्‌तास जाणंही नको. ऑइल ठरलेल्या वेळेपेक्षा लवकर, पाचशे ते हजार किलोमीटरच्या आत बदला, कारण त्यात सुरुवातीचा कीस येतो. रोज सकाळी ऑइल आणि कूलंट बघा.

प्रश्नोत्तरे

*श्रोता : माझी गाडी सीएनजीवर आहे. काही वेगळं बघायचं का?*

हो. सीएनजीवर व्हॉल्व्हच्या सीट जास्त झिजतात, त्यामुळे हेडच्या कामात सीट कुठल्या धातूच्या घालतायत ते विचारा आणि व्हॉल्व्हची फट ठरलेल्या अंतरानं तपासत जा. तुमचं कॉम्प्रेशन कमी आलं आणि ऑइल टाकूनही चढलं नाही, तर बहुधा दोष तिथंच असेल. पूर्ण इंजिन लागणार नाही. आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची चाचणी चुकवू नका, त्याचा इंजिनशी संबंध नाही, पण तुमच्या जिवाशी आहे.

*श्रोता : जुनं इंजिन आपण दिलं, मग त्याचं काय होतं?*

फार चांगला प्रश्न. हॉब्ज नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञानं विचारलं होतं की त्या जहाजाच्या काढलेल्या फळ्या कुणी जमवून दुसरं जहाज बांधलं, तर मूळ जहाज कुठलं? तुमच्या बाबतीत हे खरंच घडतं. तुमचा ब्लॉक बांधून उद्या कुणाच्या तरी गाडीत जाईल, आणि त्यावरचा नंबर अजून तुमच्या नावाशी जोडलेला असेल. म्हणून जुनं इंजिन देताना त्याचा नंबर आणि तारीख लिहिलेली पावती घ्या, आणि तुमच्या आरसीतला बदल लगेच करून घ्या.

*श्रोता : सर, आता सीझन आहे. गाडी पंधरा दिवस उभी केली तर हप्ता चुकतो. ऑइल टाकत टाकत चालवू का?*

ते आकड्यांवर अवलंबून आहे. कॉम्प्रेशन सगळीकडे सारखं, ऑइलचा दाब ठीक, फक्त ऑइल थोडं जास्त लागतंय, पीयूसी मिळतंय, तर रोज पातळी बघून सीझन काढा आणि दरम्यान पैसे बाजूला टाका. पण खालून ठकठक आवाज येत असेल किंवा गरम झाल्यावर ऑइलचा दाब पडत असेल, तर आजच थांबवा. बेअरिंगचा आवाज आहे तोवर क्रँक ग्राइंडिंगवर भागतं. तसंच चालवलं तर क्रँक जाईल, रॉड तुटला तर ब्लॉक फुटेल, आणि मग बांधायला तुमच्याकडे इंजिनच उरणार नाही. उद्या सकाळी गाडी घेऊन जा आणि आधी गेज लावायला सांगा. आकडे घेऊन या, आपण बसून बघू.